व्याजदर मुंबईत, झळ देवळ्यात

रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती मुंबईत बैठक घेते आणि रेपो दर जाहीर करते. मे २०२० पासून दोन वर्षे हा दर ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर पोहोचला आणि दोन वर्षे तेथेच राहिला. फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरू लागला व त्याच वर्षीच्या डिसेंबरात ५.२५ टक्क्यांवर आला. शहरात या चढउताराबरोबर गृहकर्जाचे हप्ते वरखाली झाले आणि वृत्तपत्रांनी त्यांची कोष्टके छापली. देवळ्याच्या बाजारपेठेत मात्र या आकड्यांची फारशी चर्चा झाली नाही. तसे होणे स्वाभाविकही आहे. विकास सोसायटीकडून मिळणाऱ्या पीककर्जाचा दर रेपोवर ठरत नाही. तो सरकारी सवलतीवर ठरतो. तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र आणि राज्य यांच्या व्याज सवलती मिळून ते शून्य टक्क्याने पडते. ट्रॅक्टरचे किंवा शेडनेटचे कर्ज घेतलेल्यालाच रेपोची ऊब वा झळ थोडीफार जाणवते.

तेव्हा पतधोरणाचा आणि कसमादे पट्ट्याचा, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या भागाचा, संबंध नाही असे कोणी म्हणेल. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. महागाई आटोक्यात ठेवण्याची किंमत गेल्या काही वर्षांत या पट्ट्याने इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा अधिक मोजली. ती व्याजाच्या रूपाने न घेता कांद्याच्या भावातून घेतली गेली, एवढाच फरक.

२०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर कायद्याने एक जबाबदारी आहे. किरकोळ महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के वर वा खाली, ठेवायची. ज्या निर्देशांकाने ही महागाई मोजली जात होती, त्या २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेत अन्न आणि पेये यांचा भार जवळजवळ ४६ टक्के होता. अन्नधान्य आणि भाजीपाला मात्र व्याजदराचे ऐकत नाही. दर वाढवला की माणूस मोटार घेणे पुढे ढकलतो; भाजी घेणे पुढे ढकलत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडला आणि किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. ऑगस्टच्या बैठकीत रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५ वरच ठेवला. व्याज वाढवून टोमॅटो पिकत नाहीत, हे तिला ठाऊक होते. मग महागाई उतरवायची कोणी? १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. टोमॅटो महागला आणि दंड कांद्याला झाला!

त्या एका वर्षाचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये लाल कांद्याचे भाव इतके कोसळले की राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान द्यावे लागले, तेही जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. ऑगस्टात शुल्क आले, व्यापाऱ्यांनी जिल्हाभर लिलाव बंद ठेवले, आणि केंद्राने नाफेड व एनसीसीएफमार्फत २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन अतिरिक्त खरेदीची घोषणा केली. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य आले. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. लासलगावपासून उमराण्यापर्यंतचे भाव काही आठवड्यांत हजार-दीड हजारांनी खाली आले. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, परंतु शुल्क राहिले. ते सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेले. तोवर पाकिस्तानच्या कांद्याने परदेशी बाजारपेठांत आपली जागा पटकावली होती, आणि २०२५ चा उन्हाळ कांदा चाळीत असतानाच भाव पुन्हा घसरले.

आता देवळा तालुक्यातील दोन एकरांचा कोणताही शेतकरी डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ कांदा बरा आला तर त्याच्या हाती सुमारे २०० क्विंटल माल येतो. भाव क्विंटलमागे एक हजाराने पडला की त्याचे दोन लाख गेले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेची मर्यादाही दोन लाखच होती. म्हणजे सरकारने एकदा केलेली कर्जमाफी एका हंगामातील एका अधिसूचनेने परत घेतली जाऊ शकते, आणि तीही कर्ज न घेतलेल्या शेतकऱ्याकडूनसुद्धा. २०२३ चे अनुदान धरले तर त्याच २०० क्विंटलांचे ७० हजार होतात. बाकीचे एक लाख तीस हजार कोणाच्या ताटातील कांदा स्वस्त करण्यासाठी खर्च झाले, याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. शहरातील गृहिणीला कांदा परवडावा हे आम्हांस मान्य आहे. तिच्या घरीही पगार मोजकाच येतो. प्रश्न एवढाच, की हा भार एकट्या उत्पादकाने का उचलावा?

भाव गेला की कर्ज थकते. थकण्यापूर्वी शेतकरी शक्य तोवर नवे-जुने करून वेळ मारून नेतो. ते जमले नाही की शून्य टक्क्याची सवलत जाते, नवे कर्ज मिळत नाही आणि माणूस खासगी सावकाराच्या दारी जातो. तेथील व्याजदर कोणतीही समिती ठरवत नाही.

याच ठिकाणी बँकेचीही गोष्ट सांगावी लागते. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुख्य पतपुरवठादार. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि १४ तारखेपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. तोवर जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची परवानगी जून २०१७ मध्ये मिळाली. मधल्या सात महिन्यांत बँकेकडे नोटा होत्या आणि पैसा नव्हता. शिक्षकांचे पगार अडकले होते, याची आठवण जिल्ह्यात अजून आहे. त्यातच कर्जमाफीच्या अपेक्षेने वसुली थांबली. निफाड व नाशिक या सहकारी साखर कारखान्यांकडील मोठी थकबाकी वेगळीच. परिणामी २०२२-२३ मध्ये बँकेने थकबाकीदारांची वाहने आणि जमिनी लिलावात काढण्यास सुरुवात केली, तेव्हा गावोगावचे शेतकरी रस्त्यावर आले. बँकेला ठेवीदारांचे पैसे द्यायचे होते, शेतकऱ्याला जमीन वाचवायची होती. दोघेही आपापल्या जागी खरे होते, आणि लहानांच्या जमिनींकडे बोट दाखवताना मोठ्या थकबाकीदारांविषयीचे मौन लोकांना खटकले, यात नवल नाही. रेपो दर ४ टक्के असो की ५.२५, ज्या नळातून तो पैसा गावात यायचा तो नळच गंजला असेल तर स्वस्त पैशाचा उपयोग काय?

देवळा तालुक्यातच विठेवाडीला वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना आहे. लोक त्याला ‘वसाका’ म्हणतात. गिरणेकाठच्या उसावर उभा राहिलेला हा कारखाना कर्जापायी राज्य सहकारी बँकेच्या ताब्यात गेला. तो भाड्याने देऊन चालवण्याचे प्रयोगही झाले. कर्ज म्हणजे उद्याच्या उत्पन्नावर आजच काढलेली वरात. ती वटण्यासाठी उद्या ऊस हवा, पाणी हवे, वीज हवी. या वस्तू व्याजदर कमी केल्याने निर्माण होत नाहीत.

विजेची स्थिती सर्वांच्या अनुभवाची आहे. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि पुढची दहाएक वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली. शहरांतून ते गेले. शेतीच्या फीडरवर ते पाळीच्या रूपाने टिकले. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कडाक्याच्या थंडीत, बिबट्याच्या भीतीने हातात बॅटरी घेऊन कांद्याचे वाफे भरणारा माणूस या पट्ट्यात नवा नाही. रोहित्र जळले तर नवे येईपर्यंत पीक वाट पाहत नाही. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्याने मोफत वीज जाहीर केली. बिल माफ झाले, ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण वीज कोणत्या वेळी येणार हा प्रश्न बिलाचा नाही. त्याचे उत्तर २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात आलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेत अधिक आहे. जेथे ती पोहोचली तेथे दिवसा पाणी भरता येते. ती रखडू नये यासाठी गावाने जागेचे वाद लवकर मिटवावेत असे आम्हांस वाटते.

ऊर्जेची टंचाई खताच्या गोणीतही असते. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि आपला देश कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा डीएपीची गोणी १,३५० रुपयांवर स्थिर राहिली खरी, पण २०२२-२३ मध्ये केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेले. गोणीवर न दिसलेली महागाई सरकारी कर्जात दिसली. कांदा साठवायचा तर पुन्हा वीजच लागते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. विकिरणामुळे कोंब थांबतात. परंतु माल दीर्घकाळ टिकवायला पुढे शीतगृह लागते आणि शीतगृहाचे बिल कांद्याला सोसत नाही. म्हणून कांदा आजही चाळीत राहतो, सडतो, आणि शेतकरी पडेल त्या भावाला विकून मोकळा होतो. स्वस्त वीज आणि पुरेशी साठवण असती तर निर्यातबंदीची वेळ सरकारवरही वारंवार आली नसती.

राज्याचे हातही मोकळे नाहीत. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकानुसार महाराष्ट्रावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार होते. मोफत विजेचा वार्षिक भार सुमारे १४,७६० कोटी सांगितला गेला. तशातच, ऑक्टोबर २०२५ च्या नागपूर येथील शेतकरी आंदोलनानंतर सरकारने कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचे जाहीर केले. अशा तारखा जाहीर झाल्या की फेडू शकणाराही हप्ता थांबवतो, आणि आधीच अशक्त झालेली जिल्हा बँक आणखी अशक्त होते.

२०२५ च्या ज्युबिली वर्षाच्या घोषणापत्रात पोप फ्रान्सिस यांनी गरीब राष्ट्रांची न फिटणारी कर्जे माफ करण्याचे आवाहन श्रीमंत राष्ट्रांना केले होते. त्याचे मूळ लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्षात आहे, हे आपण जाणतोच. त्या अध्यायातील एका तरतुदीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. योबेलाला किती वर्षे उरली, म्हणजे किती पिके घ्यायची राहिली, ते मोजून जमिनीची किंमत ठरवावी असे तेथे सांगितले आहे. सुटकेचे वर्ष सर्वांना आधीपासून ठाऊक होते. देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. आमच्याकडे १९९० ला, २००८ ला, २०१७ ला आणि २०१९ ला कर्जमाफी झाली. ती कोणत्या वर्षी येणार हे पीक ठरवत नव्हते, निवडणूक ठरवत होती. पिकाशी जोडलेली परतफेड, म्हणजे भाव पडलेल्या वर्षी हप्ता आपोआप पुढे जाणे आणि भाव चढलेल्या वर्षी तो थोडा अधिक भरणे, ही व्यवस्था बँकेलाही परवडेल आणि शेतकऱ्यालाही. मात्र तिला एक अट आहे. भाव चढलेल्या वर्षी सरकारने तो पाडता कामा नये.