केळुसकर गुरुजी हवेत

‘तिथे प्रवेशाला किती टक्के लागतात?’ निकालाच्या दिवसांत मला सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न विचारला जातो. यंदा बडोद्याच्या छाणीतल्या एका आईने तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांबद्दल विचारला. कमला हॅरिस हॉवर्ड विद्यापीठात शिकल्या, हे मुलीने कुठेतरी वाचलं आणि मनावर घेतलं. आईची शंका पुढची होती : ‘आपण त्यांच्यातले नाही. आपल्याला घेतील का?’

घेतात. गोऱ्यांच्या संस्थांची दारं बंद होती म्हणून ही महाविद्यालयं निघाली. आज त्यांच्या प्रवेशाला वंशाची अट नाही. 1964 पूर्वी स्थापन झालेल्या अशा सुमारे 100 संस्था तिथे चालू आहेत. हॉवर्ड आणि मोअरहाउस 1867 मधली, टस्कीगी 1881 मधली. ते नववीपासून बारावीपर्यंतच्या चारही वर्षांचे गुण बघतात, निबंध वाचतात, शिक्षकांची शिफारसपत्रं वाचतात. बऱ्याच ठिकाणी सॅट या प्रवेशपरीक्षेची सक्ती नाही. एकच अर्ज भरून तो अशा अनेक महाविद्यालयांना पाठवण्याचीही सोय आहे. परदेशी विद्यार्थ्याला इंग्रजीची परीक्षा आणि खर्च झेपेल याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून शिष्यवृत्तीची चौकशी अर्जासोबतच करा. प्रवेशाचं पत्र हातात पडल्यावर धावाधाव करून काही होत नाही.

टक्क्यांचा प्रश्न मात्र अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे बडोद्याच्या माणसाला तरी कळायला हवं. वंचितांच्या शिक्षणातला सर्वांत मोठा प्रवेश बडोदा संस्थानाच्याच दफ्तरात नोंदला गेला.

भीमराव आंबेडकर 1907 मध्ये मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आधीपासून हेरला होता. मॅट्रिकनंतरच्या सत्कारात त्यांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. पुढे वडिलांना कॉलेजचा खर्च पेलेना, तेव्हा हेच केळुसकर त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचं समाधान झालं आणि दरमहा 25 रुपये सुरू झाले. त्या पैशांवर बी.ए. झालं. मग 1913 मध्ये अमेरिकेसाठी संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली : तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. 4 जून 1913 रोजी करारावर सही झाली. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, अशी त्यात अट होती. जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले.

बाबासाहेबांची बुद्धी त्यांची स्वतःची. पण त्या बुद्धीला महाराजांच्या दालनापर्यंत घेऊन जाणारा एक माणूस होता. त्याने मुलगा ओळखला, वेळ साधली आणि शब्द टाकला. त्या काळात तेवढ्याच तोलाची बुद्धी असलेली किती मुलं केळुसकरांवाचून गिरणीत गेली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या शिक्षण आहे तिथे काका, मामा, शेजारचे प्राध्यापक हे काम न सांगता करतात. बाकीच्या घरांत ते कुणी तरी अंगावर घ्यावं लागतं. हीच माझी या विषयावरची ठाम भूमिका आहे.

कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनी ते अंगावर घेतलं. मार्टिन ल्यूथर किंग 1944 मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी मोअरहाउसमध्ये शिरले. युद्धामुळे विद्यार्थीसंख्या घटली होती, म्हणून शालेय शिक्षण पुरं न झालेल्या हुशार मुलांनाही परीक्षा घेऊन प्रवेश देण्याची वाट संस्थेने काढली होती. तिथले अध्यक्ष बेंजामिन मेज पुढे किंग यांचे गुरू झाले. आपल्याकडे बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती 1945 मध्ये. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. तिथे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरत. 1950 मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलेलं महाविद्यालय निघालं आणि नागसेनवनात वसतिगृहंही उभी राहिली.

वसतिगृहाचं महत्त्व बाबासाहेबांना बडोद्यानेच शिकवलं. 1917 मध्ये करार पाळायला ते इथे परत आले. संस्थानने नोकरी दिली, पण शहरात राहायला खोली कुणी देईना. पारशांच्या उतारूगृहात नाव बदलून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि तेही सोडावं लागलं. त्या दिवशी पाच तास ते कमाटीबागेत बसून होते; रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेले. म्हणून माझं पालकांना सांगणं असतं की महाविद्यालय निवडताना शिकवणी शुल्काच्या आधी राहण्याची सोय विचारा. कुणासोबत राहणार, जेवण कुठे, सुटीत वसतिगृह चालू असतं का. कृष्णवर्णीयांच्या जुन्या महाविद्यालयांचं निम्मं बळ त्यांच्या निवासी जीवनात आहे.

आता छाणीकडे येतो, कारण इथे मुलं गुणांनी कमी आणि कागदांनी जास्त अडतात.

फर्टिलायझरनगरचा खत कारखाना, कोयलीची रिफायनरी : साठच्या दशकात हे प्रकल्प आले आणि महाराष्ट्रातली अनेक कुटुंबं नोकरीसाठी इकडे आली. त्यांच्या नातवंडांचा जन्म इथला, शाळा इथली, पण जातीचा दाखला महाराष्ट्राच्या यादीतला. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा. त्या दिवशी कुटुंब कुठल्या राज्यात राहत होतं, यावर हक्क ठरतो. गंमत नव्हे, पण महार जात गुजरातच्या यादीतही आहे, आणि तरीही नंतर आलेल्या कुटुंबाला गुजरात सरकारच्या राखीव जागा मिळत नाहीत. वडिलांच्या खत कंपनीतल्या नोकरीमुळे आंध्रातून मुंबईत येऊन शिकलेल्या एका मुलाने वैद्यकीय प्रवेशासाठी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता. 1990 मध्ये घटनापीठाचा निकाल त्याच्या विरुद्ध गेला. मला हा निकाल पोटच्या पोरांवर अन्याय करणारा वाटतो, पण कायदा तो आहे. केंद्राच्या संस्थांत मात्र स्थलांतरित म्हणून मिळणारा दाखला चालतो. तो वडिलांच्या मूळ दाखल्यावरून मिळतो, आणि मूळ दाखला बहुधा गावी चुलत्याच्या ट्रंकेत असतो.

त्यात नावांचा घोळ. गुजरातेतल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावापुढे ‘भाई’. गावच्या दाखल्यावर त्याच वडिलांच्या नावापुढे ‘राव’. आधार कार्डावर दोन्ही नाही. ‘रमेशभाई’, ‘रमेशराव’ आणि ‘रमेश’ ही एकच व्यक्ती आहे हे संगणकाला पटत नाही. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा अर्ज, आणि तोवर फेरी संपते. हे काम बारावीच्या निकालानंतर काढायचं नसतं. दहावीच्या दाखल्यावर नाव छापलं जाण्याआधी, म्हणजे नववीत, सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघायचं.

निबंधाबद्दलही एक सांगतो. मुलं इंटरनेटवरून उचललेली मोठमोठी वाक्यं लिहितात आणि स्वतःचं आयुष्य गाळतात. आजीच्या औषधाची गुजराती चिठ्ठी तिला मराठीत वाचून दाखवणारी, आईचे डबे पोचवून शाळेला जाणारी मुलगी स्वतःबद्दल लिहिते, ‘मला समाजसेवेची आवड आहे.’ तिने डब्यांबद्दल लिहावं. किती वाजता उठते, हिशेब कोण ठेवतं, कुणाचे पैसे बुडाले. वाचणाऱ्याला त्यातून मुलगी दिसते.

शिफारसपत्राचं तर आणखी वाईट आहे. आपल्या शाळांत ते मुलानेच लिहून आणायचं आणि सरांनी सही-शिक्का मारायचा, अशी सवय पडली आहे. परदेशातल्या प्रवेश समितीला असं पत्र पहिल्या ओळीत ओळखू येतं, आणि त्याचा तोटा मुलाला होतो.

बडोद्यातल्या मराठी शिक्षकांना, निवृत्त शिक्षकांना तर विशेष, माझी विनंती आहे : यंदा ज्याच्या घरात कुणी कॉलेजात गेलेलं नाही असा एक विद्यार्थी निवडा. त्याचे कागद नववीत तपासा, त्याचा निबंध त्याच्याचकडून तीनदा लिहवून घ्या, आणि त्याच्यासाठीचं पत्र स्वतः बसून, स्वतःच्या शब्दांत लिहा.