वाढणे आणि ‘वाढ होणे’

‘गोदावरीच्या पाणीपातळीत वाढ झाली’ असे वाक्य दर पावसाळ्यात वाचनात येते. नाशिककर मात्र असे बोलत नाही. तो म्हणतो, पाणी चढले. आणि किती चढले ते दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून सांगतो. माहिती दोन्हीकडे आहे, पण पहिल्या वाक्यात नदी नाही.

इंग्रजीतील एका क्रियापदासाठी आमचे विद्यार्थी सर्वत्र ‘वाढ होणे’ योजतात. थंडीच्या तीव्रतेत वाढ होते, आजारात वाढ होते, आत्मविश्वासातही वाढ होते. वास्तविक मराठीत ऊन चढते, पाऊस जोर धरतो, आजार बळावतो, अंधार दाटतो, कांद्याचा भाव वधारतो आणि कर्ज फुगते. प्रत्येक वस्तूची वाढण्याची रीत निराळी, म्हणून क्रियापदही निराळे. हे शब्द केवळ पर्याय नव्हेत. ती निरीक्षणे आहेत.

खुद्द ‘वाढणे’ हा शब्दही किती श्रीमंत आहे! मूल वाढते आणि पानात भातही वाढला जातो. नारळ फुटला असे न म्हणता तो वाढवला म्हणायचे, बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणायचे. अशुभाचा उच्चार टाळण्यासाठी भाषेने वृद्धीचाच आसरा घेतला. घरात मूल जन्मले की येणाऱ्या अशौचालाही ‘वृद्धी’च म्हणतात.

संस्कृत शब्दांशी आमचे वैर नाही. ‘संवर्धन’ म्हणजे नुसते वाढवणे नव्हे, जोपासून वाढवणे. नदीच्या बाबतीत हा अर्थभेद फार मोलाचा आहे. पगारवाढ, मुदतवाढ, हद्दवाढ हे समासही सुटसुटीत आहेत. आमचा आक्षेप आहे तो ‘दरात वाढ करण्यात आली आहे’ यासारख्या रचनेला. ‘दर वाढवले’ म्हटले की लगेच ‘कोणी?’ असा प्रश्न उभा राहतो. ‘करण्यात आली’ म्हटले की कर्ता पडद्याआड जातो आणि दरवाढ जणू पावसासारखी आभाळातून पडते. इथे प्रश्न शैलीचा उरत नाही, उत्तरदायित्वाचा होतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा आनंद आम्हालाही आहे. परंतु दर्जा वाढला म्हणून भाषा वाढतेच असे नाही. ती वाढते नेमक्या ठिकाणी नेमके क्रियापद वापरल्याने, आणि ते शिकवण्याची जबाबदारी प्रथम आम्हा मराठीच्या अध्यापकांचीच आहे.