भिंत गेली, जबाबदारी उरली

कचेरीतील खासगी टेलिफोन एक्सचेंज इंटरनेटला जोडणे तंत्रदृष्ट्या कठीण नाही. आवाजाचे अंकांत रूपांतर करणारा गेटवे मध्ये बसविला की काम भागते. अडसर होता तो नियमांचा. १ एप्रिल २००२ रोजी भारतात इंटरनेटवरून बोलण्यास मुभा मिळाली, पण संगणकावरून देशातील साध्या टेलिफोनवर बोलण्यास मज्जाव राहिला. एकाच कचेरीतील दोन जाळ्यांमध्ये भिंत उभी करावी लागे.

कॉल सेंटरांपुरती ही बंधने पुढे सैल झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीची अट गेली. जून २०२१ मध्ये एक्सचेंज जगात कोठेही ठेवण्याची परवानगी मिळाली. उद्योगाला हे हितावह ठरले, यात शंका नाही. परंतु इंटरनेटवरून येणाऱ्या आवाजाला भलताच क्रमांक चिकटविता येतो. बँकेच्या नावाने बोलणारा नेमका कोठे बसला आहे, हे निवृत्त शिक्षकाने ओळखावे तरी कसे? संभाषणांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन नियमांत आहे. मात्र नोंदणीच उरली नसताना त्या नोंदी तपासणार कोण आणि कोणाच्या? मोकळीक देणाऱ्या शासनानेच याचे उत्तर दिले पाहिजे. फसवणुकीनंतरचा पंचनामा हे काही संरक्षण नव्हे.