रुमाल कपाटात नको
१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. आज कार्यानुभवाच्या तासाला मुले रुमालाच्या कडेला धावदोरा घालतात, गुण मिळतात आणि रुमाल कपाटात जातो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. मग मुलांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या मावशींना का देऊ नयेत? दोन किलो कांदे भरताच बंद उसवला, की तिथे दुहेरी टीप का घालायची हे सातवीतल्या मुलाला पुन्हा सांगावे लागत नाही. कापड बेतताना क्षेत्रफळही समजते. शाळांनी यासाठी दोन शिलाई यंत्रे घ्यावीत. आणि त्यांवर मुलगेही बसले पाहिजेत.