खाण बंद झाली, हिशेब मिटला का?

शाळेत असताना ‘लोहखनिज कोठे सापडते?’ या प्रश्नाला आम्ही हटकून ‘कुद्रेमुख’ असे उत्तर लिहीत असू. कर्नाटकात सह्याद्रीच्या माथ्यावर घोड्याच्या मुखासारखे दिसणारे एक शिखर आहे. त्यावरून हे नाव पडले. काही वर्षांपूर्वी तिकडे जाण्याचा योग आला. हजारोंचा संसार चालवणारी खाण-वसाहत ओस पडू लागली होती. बंद घरांच्या पायऱ्यांवर शेवाळ चढले होते.

या खाणीची कहाणी मोठी विलक्षण आहे. १९७५ साली इराणच्या शहाने ६३ कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. त्या बदल्यात खनिज इराणच घेणार होता. १९७६ मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली. पण १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि कारखाना उभा राहतो न राहतो तोच गिऱ्हाईक नाहीसे झाले! तरीही आपल्या अभियंत्यांनी हार मानली नाही. खनिजाची भुकटी पाण्यात कालवून ती ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळूर बंदरावर उतरवली जाई. नवी गिऱ्हाइके मिळाली, परकीय चलन आले. हे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच डोंगरात तुंगा, भद्रा आणि नेत्रावती उगम पावतात. १९८७ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, तरी खाण चालूच राहिली. अखेर ऑक्टोबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००५च्या अखेरची मुदत दिली आणि त्याप्रमाणे खाणकाम थांबले.

थांबले, पण संपले नाही. येथील खनिज हलक्या प्रतीचे. साधारण तीन टन दगडातून एक टन कामाचा माल निघे. उरलेला गाळ लख्या ओढ्यावरील सुमारे शंभर मीटर उंच धरणात साठवला जाई. खाण पाव शतक चालली. तो गाळ मात्र तेथेच आहे. दर पावसाळ्यात त्या धरणावर कोणीतरी नजर ठेवायलाच हवी. या राखणदारीला न्यायालयाची मुदत नाही.

हा सह्याद्री आपल्यापर्यंत येतो, म्हणून हे सांगायचे. जुलै २०२१ मध्ये सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे खाणीचा कठडा ढासळला आणि चिखलपाणी वस्तीत व बागायतीत शिरले. आपल्याकडे खाण येणार म्हटले, की नोकऱ्या किती मिळणार, हे विचारले जाते. ते विचारायलाच हवे. रिकाम्या पोटी निसर्गप्रेम सुचत नाही. पण त्याच सभेत आणखी एक प्रश्न विचारायला हवा. शेवटचा ट्रक गेल्यावर या गाळाची राखण कोण करणार, आणि त्यासाठीचे पैसे आजच बाजूला काढून ठेवणार का?

उत्तर लेखी मिळेपर्यंत सभा उठू देऊ नये.