खुनी आधींच ठाऊक असतां

खुनाच्या गोष्टी घरांत मुलांबाळांसह एकत्र बसून पाहाव्या कीं नाहीं, याविषयीं सुशिक्षित कुटुंबांतूनहि मतभेद आहे. वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा कीं, असल्या दूरचित्रवाणी-मालिकांनीं नुसतें कुतूहल चाळवतें, आणि खुनी कोण हें कळतांच सारा रस संपतो. हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. तथापि खुनी कोण हें आरंभींच उघड करणारी एक मालिका लोकांनीं अनेक वर्षें आवडीनें पाहिली. तिचा विचार केल्यास रसाचें मूळ निराळ्याच ठिकाणीं सांपडतें.

ती मालिका म्हणजे अमेरिकेंतील ‘कोलंबो’ होय. रिचर्ड लेव्हिन्सन व विल्यम लिंक या लेखकद्वयानें हें पात्र निर्माण केलें. पीटर फॉक या नटानें तें १९६८ सालीं प्रथम रंगविलें; १९७१ पासून नियमित मालिका सुरू झाली, आणि मध्यें कांहीं वर्षांचा खंड पडूनहि २००३ पर्यंत तिचे एकंदर ६९ भाग झाले.

कथेची मांडणी बहुधा ठराविक असते. आरंभीं कोणी धनिक वा नामांकित गृहस्थ (कोठें मानसोपचारतज्ज्ञ, कोठें ग्रंथकार, कोठें वाद्यवृंदाचा संचालक) प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत खून करतो व तो लपविण्याची चोख तजवीज करतो. मग लॉस एंजेलिसच्या पोलीस-खात्यांतील लेफ्टनंट कोलंबो येतो. अंगांत चुरगळलेला रेनकोट, हातांत सिगार, बाहेर उभी जुनाट प्यूजो मोटार! तो भाबडे प्रश्न विचारतो, आपल्या बायकोच्या गोष्टी सांगतो, निरोप घेऊन दारापर्यंत जातो, आणि आणखी एक शंका राहिली असें म्हणून मागें वळतो. ती शंकाच नेमकी वर्मीं लागते.

आतां यांत रस कोणता? संस्कृत नाटकांच्या अभ्यासकांस हें कोडें अवघड वाटूं नये. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकांत चाणक्याचा डाव पहिल्याच अंकांत प्रेक्षकांपुढें मांडलेला असतो. राक्षसाची मुद्रा त्याच्या हातीं आलेली व कपटलेख तयार झालेला आपण पाहतों. पुढें औत्सुक्य उरतें तें एवढेंच कीं, राक्षसासारखा मुरब्बी अमात्य या जाळ्यांत सांपडतो कसा. ‘कोण’ हा प्रश्न उत्तर मिळतांच संपतो. ‘कसें’ हा प्रश्न दुसऱ्यांदां पाहतांनाहि जिवंत राहतो. इंग्रजींत ही उलट मांडणी आर. ऑस्टिन फ्रीमन यानें १९१२ सालच्या ‘द सिंगिंग बोन’ या कथासंग्रहांत योजिली होती. लेव्हिन्सन व लिंक यांनीं ती पडद्यावर रुजविली.

दुसरें कारण मनुष्यस्वभावांत आहे. खुनी या गबाळ्या अंमलदारास मूर्ख समजतो, आणि त्या तुच्छतेच्या भरांत न विचारलेले खुलासेहि देऊं लागतो. त्याची बुद्धि कमी पडत नाहीं. अहंकार आड येतो. संपत्ति व कीर्ति यांपुढें न दिपतां, आवाज न चढवितां, एक साधा माणूस चिकाटीनें सत्यापर्यंत पोंचतो, हें पाहून सामान्य प्रेक्षकास समाधान होतें.

परंतु येथेंच एक धोका आहे, आणि तो आमच्या मतें वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाहून मोठा आहे. खून आपण स्वतः पाहिलेला असतो, म्हणून कोलंबोनें त्या माणसाचा पिच्छा पुरविणें आपणांस न्याय्य वाटतें. प्रत्यक्ष व्यवहारांत असा पहिला प्रवेश कोणासहि दिसत नाहीं. तपासी अंमलदाराचा संशय हा केवळ संशयच असतो. म्हणूनच पोलिसापाशीं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीं, असें आमचा कायदा सांगतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत २५ व्या कलमानें हें बंधन होतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत तें २३ व्या कलमांत कायम आहे.

तेव्हां मुलांस अशा मालिका पाहूं द्याव्या, मात्र घरांतील कोणी जाणत्यानें शेवटीं त्यांस एक प्रश्न अवश्य विचारावा: “आरंभींचा खून आपण पाहिला नसता, तर एवढ्या पुराव्यावर तुम्हीं या गृहस्थास दोषी ठरविलें असतें काय?” त्यावर घरांत वाद माजला, तर तो माजूं द्यावा.