शुश्रूषा : ऐकणे, आज्ञापालन आणि सेवा



काही शब्द रोजच्या वापराने इतके गुळगुळीत होतात की, त्यांच्या पोटात काय आहे याचा आपल्याला विसर पडतो. ‘शुश्रूषा’ हा असाच एक शब्द. आपण वैद्यकीय व्यवसायातील माणसे तो रुग्णाची देखभाल या एकाच अर्थाने वापरतो. परंतु हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या संस्कृत धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ज्याला ऐकण्याची इच्छा असते तो सांगितलेले मानतो, म्हणून पुढे त्याचा अर्थ आज्ञापालन असा झाला. आणि जो मानतो तो करतो, म्हणून शेवटी सेवा. आपल्या नेहमीच्या बोलण्यातही हेच आहे. ‘मुलगा आईचे ऐकतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांविषयी बोलत नसतो.

योगायोग असा की, बायबलमधील नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्यातही आज्ञापालनाचा शब्द ‘ऐकणे’ या क्रियापदापासूनच बनलेला आहे. मी श्रद्धेने ख्रिस्ती आहे आणि बालाघाटमध्ये अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न स्नेही कधी कधी विचारतात. त्याचे उत्तर मला या एका शब्दात सापडले आहे.

प्रभू येशूने सांगितलेला एक छोटा दृष्टांत आहे. एका माणसाला दोन मुलगे होते. त्याने दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जाण्यास सांगितले. पहिल्याने तोंडावर नकार दिला, पण मागाहून त्याला वाईट वाटले आणि तो कामाला गेला. दुसरा अदबीने ‘जातो’ म्हणाला आणि गेलाच नाही. बापाची इच्छा कोणी पाळली, एवढाच प्रश्न येशूने विचारला. आम्हां ख्रिस्ती मंडळींना हा दृष्टांत फार टोचणारा आहे. दर रविवारी उपासनामंदिरात ‘जातो’ म्हणणारे आम्हीच असतो. सोमवारी सकाळी दवाखान्याचे दार उघडल्यावर आपण मळ्यात गेलो की नाही, हे ठरते.

याबाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळातील गोष्ट आहे. लांजीकडील एक वृद्ध स्त्री आपल्या नऊ-दहा वर्षांच्या नातवाला घेऊन वारंवार येत असे. मुलाचे सांधे दुखत, अंगात रक्त कमी. मी संधिवाताची औषधे लिहीत असे, लोहाच्या गोळ्या देत असे. आजी दर वेळी काही सांगू पाहायची. ‘थंडी पडली का याचं दुखणं उठते, डाक्टरसाहेब. याच्या मामाचंही असंच होत होतं, तो गेला.’ बाहेर रांग मोठी असे. मी मान हलवत असे आणि लिहीत असे. पुढे त्या मुलाच्या छातीत संसर्ग होऊन तो अत्यवस्थ झाला, मोठ्या गावी हलवावा लागला, आणि तेथे सिकलसेलचे निदान झाले. मुलगा वाचला. परंतु आजीने तीनदा सांगितलेले ते वाक्य म्हणजे निम्मे निदान होते, आणि ते मी ऐकले नव्हते. माझी औषधे शास्त्राला धरून नव्हती असे नाही. शुश्रूषा मात्र झाली नव्हती.

आपल्या व्यवसायात ऐकण्याचे मोल काय, हे ज्यांनी जगाला दाखविले, त्या एका मराठी ख्रिस्ती दांपत्याची आठवण येथे करणे मला आवश्यक वाटते. डॉ. रजनीकांत आरोळे हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचे, डॉ. मेबल आरोळे यांचा जन्म आपल्या मध्य प्रदेशातील जबलपूरचा. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. खेड्यातील गरिबांची सेवा करावयाची, हा निश्चय करूनच त्यांनी संसार मांडला. अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेड या दुष्काळी तालुक्यात त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

हाती उत्तम पदव्या होत्या. रुग्णालय बांधून रुग्णांची वाट पाहणे सोपे होते. परंतु त्यांनी गावकऱ्यांना तुम्हांला काय हवे असे विचारले, तेव्हा उत्तर आले ते औषधाचे नव्हते. लोकांना पाणी हवे होते आणि अन्न हवे होते. डॉक्टरांनी ते ऐकले. त्यांच्या प्रयत्नांनी विंधनविहिरी झाल्या, मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले, शेतकऱ्यांची आणि स्त्रियांची मंडळे उभी राहिली. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहण्यास तयार होईनात किंवा रमेनात, तेव्हा त्यांनी गावातीलच स्त्रिया निवडल्या. यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. बाळंतपण, अतिसार, कुपोषण, कुष्ठरोग यांविषयीचे ज्ञान त्यांना देण्यात आले आणि गावाने त्यांच्याकडून ते घेतले. प्रकल्पाच्या आरंभी त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत असत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. २००५ पासून देशभर काम करणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्त्या आज बैहर-परसवाड्याच्या पाड्यांवर आपण पाहतो. गावाचे आरोग्य गावातील स्त्रीच्या हाती देता येते, हा विश्वास ज्या थोड्या प्रयोगांनी देशाला दिला, त्यांत जामखेड अग्रभागी आहे.

माझ्या मते आरोळे दांपत्याच्या आज्ञापालनाचे खरे स्वरूप येथे दिसते. त्यांनी आज्ञा आकाशवाणीतून ऐकली नाही. तहानलेल्या गावाच्या तोंडून ऐकली. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, आजाऱ्याची विचारपूस ही कामे करणाऱ्यांना न्यायाच्या दिवशी येशू आपले म्हणेल, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. त्यातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, आपण प्रभूची सेवा केली याची त्या माणसांना कल्पनाही नव्हती. त्यांनी हिशेब ठेवलेला नव्हता.

हा वारसा एका धर्माचा मक्ता आहे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासींना रुग्णालयाची भीती का वाटते, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मग रुग्णालय त्यांच्या पाड्यासारखे बांधले गेले आणि त्याला नाव दिले गेले ते त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे. प्रेरणा वेगळी, पण कान तोच. ‘चांगला शोमरोनी’ या प्रसिद्ध दृष्टांतातही वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला सोडून जाणारे याजक आणि लेवी हे धर्मातलेच अधिकारी होते. थांबला तो परक्या पंथाचा मनुष्य. त्याने जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, पदरचे पैसे दिले आणि परतताना राहिलेला खर्च भागवीन असे सांगितले. प्रथमोपचार, वाहतूक, निवास, खर्च आणि पुन्हा येऊन चौकशी, असे सगळे त्यात आले. जखमीचा धर्म त्याने विचारला नाही. आपलाही सांगितला नाही.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळतो. आज्ञापालन हा गुणच आहे काय? इतिहास तसे म्हणू देत नाही. नाझी जर्मनीत डॉक्टरांनी बंदिवानांवर अमानुष प्रयोग केले आणि न्युरेम्बर्गच्या न्यायालयात अनेकांचा बचाव ‘वरचा आदेश होता’ असाच होता. त्या खटल्याच्या निकालातून १९४७ मध्ये मानवी प्रयोगांसंबंधीची न्युरेम्बर्ग संहिता आली आणि व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती हे तिचे पहिले कलम ठरले. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. त्या शिबिरांनंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. कारण शस्त्रक्रियेतील हयगय की दूषित औषधे, यावर वाद झाला. पण काही तासांत ८३ स्त्रियांपैकी एकीचे तरी नीट ऐकून घेणे शक्य होते काय, या प्रश्नावर वाद होऊ शकत नाही. तेथे लक्ष्याचे ऐकले गेले, रुग्णाचे नाही. म्हणून आज्ञापालन कोणाचे, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. येशूच्या प्रेषितांनी माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी मानली आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. जी आज्ञा समोरच्या दुबळ्या माणसाला ओलांडून जावयास सांगते, ती देवाची नव्हे, एवढी खूण मला पुरेशी वाटते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. तो आमच्या समाजाने स्वतःला विचारला पाहिजे. ख्रिस्ती सेवेकडे आपल्या प्रदेशात नेहमी निर्मळ दृष्टीने पाहिले गेले असे नाही. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ मध्ये राज्य शासनाने मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. शाळा आणि रुग्णालये धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात, असा ठपका तिच्या १९५६ च्या अहवालाने ठेवला. ख्रिस्ती संस्थांना तो मान्य झाला नाही. १९६८ मध्ये राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला आणि २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीवरही १८९३ मध्ये शारदा सदनाच्या संदर्भात हा आक्षेप आला होता. त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार अशा शेकडो मुली-स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला, हेही तितकेच खरे आहे.

या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु एक गोष्ट मी ख्रिस्ती म्हणून निःसंदिग्धपणे म्हणू इच्छितो. औषधाच्या पुडीबरोबर श्रद्धेची मागणी बांधली, तर ती सेवा राहत नाही. तो सौदा होतो. वेदनेत असलेला माणूस मोकळेपणी ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे आपण डॉक्टर इतरांपेक्षा अधिक जाणतो. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केल्याची कथा आहे. आभार मानण्यास एकच परत आला, तोही शोमरोनी. नऊ जण परतले नाहीत म्हणून येशूला खेद झाला, परंतु त्यांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बैगा, गोंड, पवार, मराठी, मुसलमान अशा कोणत्याही रुग्णाला माझा धर्म माझ्या वागणुकीतून कळला तर कळावा. न कळला तरी त्याच्या उपचारात उणेपण येता कामा नये.

शेवटी, आपल्या बालाघाटपुरते बोलू. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. हे काम केवळ शासनाच्या यंत्रणेवर सोडून चालणार नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने सांधेदुखी आणि पांडुरोग घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आजीला दोन मिनिटे अधिक द्यावीत. घराण्यात असे कोणाला होते का, हे विचारावे. शंका आल्यास तपासणी करून घ्यावी. महिन्यातून एकदा एखाद्या आशाताईच्या गावी जावे, आणि तेथे भाषण देण्याऐवजी तिच्याकडून गावाची हकीकत ऐकावी. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याला रांगेत मागे उभे राहावे लागू नये. यांतले काहीही करण्यासाठी ख्रिस्ती असण्याची आवश्यकता नाही. मात्र जो स्वतःला ख्रिस्ती म्हणवितो, त्याला हे न करण्याची मुभा नाही, असे माझे नम्र मत आहे.

तो मुलगा आज बाप झाला आहे. लग्नापूर्वी त्याने होणाऱ्या पत्नीची सिकलसेल तपासणी करून घेतली. आजी आता नाही. तिने मला शिकविलेला धडा फी न घेता शिकविला होता. दवाखान्यात थंडीच्या दिवसांत गर्दी वाढली की मला तिचे वाक्य आठवते, आणि मी लेखणी खाली ठेवून समोरच्या माणसाला विचारतो, ‘सांगा, काय म्हणत होता?’